स्वतःच्याच सामानासाठी ट्रक घेणाऱ्याने परमिट कशाचं काढायचं?

मोटार विम्याच्या थर्ड पार्टी दरपत्रकात मालवाहू गाड्यांचे दोन रकाने असतात. एक ‘पब्लिक कॅरियर’चा, म्हणजे भाडं घेऊन लोकांचा माल वाहणाऱ्या गाडीचा. दुसरा ‘प्रायव्हेट कॅरियर’चा, म्हणजे मालकाचंच सामान वाहणाऱ्या गाडीचा. १ जून २०२२ पासून लागू झालेल्या दरांत साडेसात टनांपर्यंतच्या पब्लिक कॅरियरला वर्षाला १६,०४९ रुपये पडतात, प्रायव्हेट कॅरियरला ८,५१०. बारा ते वीस टनांच्या गटात तर ३५,३१३ आणि १०,८७६ असा फरक आहे. गाडी तीच, वजन तेच, रस्ताही तोच. फक्त ती कुणाचा माल वाहते एवढ्यावरून हप्ता निम्म्यावर किंवा तिसऱ्या हिश्श्याच्याही खाली येतो. हा हिशेब बरोबरच आहे. जी गाडी रोज भाडं शोधत वडाळ्याहून भिवंडीला, तिथून नाशिकला धावते, तिच्या हातून अपघात होण्याची शक्यता वर्षातून वीस दिवस बाहेर पडणाऱ्या गाडीपेक्षा कितीतरी जास्त.

गंमत नव्हे, खेदाची गोष्ट अशी की विम्याच्या कागदावर जिवंत असलेला हा फरक मोटार कायद्याने मात्र पुसून टाकला आहे. १९३९ च्या जुन्या कायद्यात प्रायव्हेट कॅरियरची व्याख्या होती आणि त्याच्यासाठी वेगळं परमिटही होतं. १९८८ चा कायदा आला आणि ते सगळं गेलं. आता कलम २(१४) प्रमाणे मालवाहतुकीसाठी बांधलेली गाडी म्हणजे ‘गुड्स कॅरेज’, गुड्स कॅरेज म्हणजे ट्रान्सपोर्ट व्हेइकल, आणि ट्रान्सपोर्ट व्हेइकल म्हणजे पिवळी नंबर पाटी, परमिट, ठरावीक काळाने फिटनेस तपासणी. कलम ६६ तर असं सांगतं की गाडीत माल असो वा नसो, काही अपवाद सोडले तर परमिटाशिवाय ती सार्वजनिक रस्त्यावर आणता येत नाही. परमिट ही मुळात धंद्याची परवानगी. ज्याला धंदाच करायचा नाही, त्याला ती का काढायला लावायची, याचं उत्तर या कायद्यात कुठेही सापडत नाही.

असा ट्रक कुणाला लागतो, हा प्रश्न पहिला येतो. मुंबईत गणेशोत्सव मंडळं आहेत, त्यांचे मंडप, सजावटीच्या चौकटी, विजेचं सामान वर्षभर कुठेतरी पडलेलं असतं आणि ऑगस्टमध्ये हलवावं लागतं. ढोल-ताशा पथकं आहेत. राज्य नाट्य स्पर्धेला नेपथ्य घेऊन जाणाऱ्या हौशी संस्था आहेत. धातूची मोठी शिल्पं करणारे कलाकार, स्वतःचे घोडे पाळणारे, गावच्या बागेतून कलमं आणि मुंबईहून बांधकामाचं सामान स्वतःच नेणारी कोकणातली कुटुंबं आहेत. जुलै २०२१ मध्ये चिपळूण पाण्याखाली गेलं तेव्हा मुंबईतून मदत घेऊन किती संस्था निघाल्या हे आठवून पाहावं. यातल्या कुणालाही ट्रान्सपोर्टचा व्यवसाय करायचा नाही.

या सगळ्यांनी ट्रक विकतच घ्यावा असं मात्र मी म्हणणार नाही. वर्षाला दहा-पंधरा फेऱ्या असतील आणि सामान साध्या टेम्पोत मावत असेल, तर भाड्याची गाडी नेहमीच स्वस्त पडते. विमा, कर, फिटनेस, उभी राहून खराब होणारी बॅटरी आणि टायर, जागेचं भाडं, हे सगळं जोडलं की मालकीचा हट्ट महागात जातो. प्रश्न खरा उरतो तो दोन तऱ्हेच्या लोकांचा. ज्यांच्या गाडीत कायमची रचना लागते, घोड्याचे कप्पे, फिरतं वाचनालय, फिरतं स्वयंपाकघर, त्यांना तशी गाडी भाड्याने मिळतच नाही. आणि ज्यांना गाडी आयत्या वेळी, रात्री-अपरात्री, सणाच्या गर्दीत लागते, त्यांना तेव्हाच भाड्याची मिळत नाही.

आता सरकारच्याच एका अधिसूचनेकडे पाहू. कलम ४१(४) खाली केंद्राने ५ नोव्हेंबर २००४ रोजी गाड्यांचे प्रकार ठरवून दिले. त्यातल्या ‘नॉन-ट्रान्सपोर्ट’ यादीत मोटारसायकल आणि मोटारकार तर आहेतच, पण खाजगी वापराची कॅम्पर व्हॅन आहे, क्रेन बसवलेली गाडी आहे, ब्रेकडाऊन व्हॅन आहे, जनरेटर किंवा कॉम्प्रेसर बसवलेली गाडी आहे. इतकंच काय, एखाद्या व्यक्तीच्या नावावर असलेली आणि ‘फक्त स्वतःसाठी वापरीन’ असं लिहून दिलेली प्रायव्हेट सर्व्हिस व्हेइकल, म्हणजे सहापेक्षा जास्त माणसं बसणारी मोठी गाडीसुद्धा तिथे आहे. म्हणजे मोठं कुटुंब स्वतःसाठी बस घेऊ शकतं, तिला पांढरी पाटी मिळते, नोंदणी पंधरा वर्षांची होते. त्याच कुटुंबाने त्याच वजनाचा ट्रक घेतला तर मात्र तो धंद्याचा ठरतो. माणसं वाहणाऱ्या गाडीच्या मालकाच्या शब्दावर विश्वास ठेवायचा आणि सामान वाहणाऱ्याच्या नाही, याला तर्क नाही.

माझी मागणी या यादीतल्या एका नव्या ओळीची आहे: व्यक्तीच्या किंवा नोंदणीकृत सार्वजनिक न्यासाच्या नावावरची, फक्त स्वतःचं सामान विनाभाडे वाहण्यासाठी घोषित केलेली मालवाहू गाडी. न्यासाचा उल्लेख मुद्दाम करतो आहे, कारण बहुतेक मंडळं आणि संस्था धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेल्या असतात आणि प्रायव्हेट सर्व्हिस व्हेइकलची सध्याची सवलत व्यक्तीपुरतीच आहे. यासाठी संसदेत कायदा बदलावा लागत नाही, अधिसूचना पुरते. अधिसूचना निघेपर्यंत परमिटाची सूटही वेगळ्या मार्गाने देता येईल. कलम ६६(३) मध्ये सरकारला आदेश काढून काही गाड्यांना परमिटातून वगळण्याचा अधिकार आहे. तो वापरून केंद्राने २०१८ मध्ये बॅटरीवर, इथेनॉलवर आणि मिथेनॉलवर चालणाऱ्या ट्रान्सपोर्ट गाड्यांना परमिट माफ केलं. त्याच कलमात तीन हजार किलोपर्यंतच्या मालवाहू गाड्यांना आधीपासून परमिट लागत नाही. कंपन्या २,९९० किलोच्या पिकअप काढतात त्या याच रेषेमुळे.

इथे एक गोष्ट ठामपणे सांगायला हवी. वापर खाजगी असला म्हणून बारा टनांची गाडी हलकी होत नाही. ब्रेक निकामी झाले तर पादचाऱ्याला तिचा मालक कोण आणि ती भाड्याची की घरची याने फरक पडत नाही. त्यामुळे जे नियम वजनातून येतात ते सगळे राहिले पाहिजेत: फिटनेस, मागची आणि बाजूची अंडररन संरक्षक चौकट (छोटी गाडी ट्रकखाली घुसू नये म्हणून लावतात ती), रिफ्लेक्टिव्ह पट्ट्या, स्पीड गव्हर्नर, जड वाहनाचं लायसन्स, दिवसा शहरात शिरण्याच्या वेळांची बंदी, टोल. मुंबईच्या पाच प्रवेशद्वारांवर ऑक्टोबर २०२४ पासून हलक्या गाड्यांना टोल माफ झाला. घरच्या ट्रकसाठी ती सवलत मागण्याचं काही कारण नाही, रस्ता तो तेवढाच झिजवतो. जे नियम धंद्यातून येतात ते मात्र गेले पाहिजेत: परमिट आणि पब्लिक कॅरियरचा विमा. कर कुठे धरायचा हा वादाचा भाग आहे, त्याकडे येतोच.

फिटनेसबद्दल थोडं तपशिलाने. नव्या ट्रान्सपोर्ट गाडीला पहिली दोन वर्षं वेगळा फिटनेस काढावा लागत नाही. नंतर गाडी आठ वर्षांची होईपर्यंत दर दोन वर्षांनी, त्यापुढे दर वर्षी. कमी चालणाऱ्या गाड्या फिटनेसला नापास होतात त्या इंजिनामुळे नव्हे. महिनोन्‌महिने उभं राहून ब्रेकच्या ड्रमला गंज चढतो आणि एका बाजूचा ब्रेक दुसऱ्यापेक्षा कमी लागतो. एअर ब्रेकच्या टाक्यांत पाणी साठतं, कारण ते काढून टाकायचं कुणाच्या लक्षातच येत नाही. टायरची नक्षी शाबूत असते, पण बाजूच्या भिंतींना चिरा गेलेल्या असतात. मुंबईच्या खाऱ्या दमट हवेत चेसिसच्या मागच्या टोकाला, अंडररन चौकटीच्या जोडापाशी, पत्रा आधी जातो. म्हणून फिटनेस काढून टाकण्याची मागणी मला चुकीची वाटते. उलट उभी राहणारी गाडी जास्त बारकाईने तपासावी लागते. तक्रार फीबद्दल आहे. नोव्हेंबर २०२५ मध्ये केंद्राने जुन्या गाड्यांच्या तपासणीची फी इतकी वाढवली की वीस वर्षांवरच्या जड गाडीला २५ हजार रुपये पडू लागले. धूर ओकत रोज धावणाऱ्या जुन्या ट्रकला रस्त्यावरून काढायला हा आकडा ठीक असेल. वर्षाला हजार किलोमीटर चालणाऱ्या, नीट राखलेल्या गाडीला तो दंडासारखा बसतो.

कराचा प्रश्न याहून अवघड. राज्याने २०२५ च्या अर्थसंकल्पात साडेसात टनांपर्यंतच्या हलक्या मालवाहू गाड्यांना किमतीच्या ७ टक्के एकरकमी कर सक्तीचा केला. पंधरा लाखांच्या गाडीला एक लाख पाच हजार झाले. धंदेवाला ते हजारो फेऱ्यांवर वाटून टाकतो, घरच्या गाडीला ते जमत नाही. तरीही डिझेल मोटारकारला राज्यात १३ ते १५ टक्के कर आहे, त्यामानाने ट्रकवाला कमीच भरतो हे मान्य करावं लागेल. पांढरी पाटी मिळाल्यावर कोणी मोटारकारच्या दराने कर मागितला, तर सुटकेपेक्षा नवा बोजाच पदरात पडेल. त्यामुळे मागणी करतानाच हे स्पष्ट लिहायला हवं की नोंदणी नॉन-ट्रान्सपोर्ट झाली तरी कर मालवाहूच्या दरानेच राहील. साडेसात टनांवरच्या गाड्यांना ठरावीक मुदतीचा कर असतो. तिथे गाडी काही महिने वापरणार नाही अशी आगाऊ लेखी सूचना परिवहन कार्यालयाला देऊन त्या काळाचा कर वाचवायची सोय राज्याच्या १९५८ च्या करकायद्यात आहे. सूचना आधी द्यावी लागते, मागाहून दिलेली चालत नाही. बहुतेकांचं तिथेच बिनसतं.

विम्याकडे परत येऊ, कारण आज, कायदा न बदलता, सर्वांत जास्त पैसे तिथे वाचू शकतात आणि सर्वांत मोठे घोळही तिथेच होतात. एजंटच्या संगणकावर मालवाहू गाडी टाकली की पब्लिक कॅरियर हाच पर्याय आधी पुढे येतो आणि तोच राहून जातो. दरपत्रकातला वर्ग ‘ए-२’, म्हणजे प्रायव्हेट कॅरियर, असं प्रस्ताव अर्जावर लिहून घ्यावं. पॉलिसी हातात आल्यावर ‘वापराच्या मर्यादा’ हा मजकूर वाचावा. तिथे स्वतःच्या मालासाठी असं असेल तर मित्राचं सामान नेऊन त्याच्याकडून डिझेलचे पैसे घेणंसुद्धा क्लेमच्या वेळी भाडं म्हणून पुढे केलं जाऊ शकतं. स्वस्त हप्ता घेतला तर त्याची अट पाळलीच पाहिजे. मोटारकारची पॉलिसी ट्रकला काढून देतो म्हणणाऱ्याच्या नादी लागू नये. त्या पॉलिसीत नमुने आणि वैयक्तिक सामान सोडून मालवाहतूक वगळलेलीच असते, तेव्हा अपघातानंतर तो कागद निरुपयोगी ठरतो.

मालवाहू पॉलिसीत आणखी एक खाच आहे. दिवे, टायर-ट्यूब, मडगार्ड, बंपर, रंगकाम यांचं नुकसान साध्या पॉलिसीत धरलेलं नसतं. त्यासाठी ‘आयएमटी-२३’ ही जोडणी वेगळी घ्यावी लागते. मुंबईत ट्रकला होणारं बरंचसं नुकसान याच भागांचं असतं, त्यामुळे ही जोडणी टाळून वाचवलेले पैसे पहिल्याच घासाघाशीत जातात. उलट, गाडी दोन-चार महिने बंद ठेवायची असेल तर जुन्या मोटार टॅरिफमध्ये ‘लेड-अप’ गाडीच्या हप्त्यात सूट देणारी ‘आयएमटी-११’ तरतूद आहे. ती मागून घ्यावी लागते. विमा नियामकाने जुलै २०२२ मध्ये किलोमीटरवर आधारलेल्या हप्त्याची मुभा दिली, पण ती स्वतःच्या नुकसानीच्या भागापुरती. थर्ड पार्टीचा दर केंद्र सरकार ठरवतं आणि तो धावण्याच्या अंतराशी जोडलेला नाही. व्हिंटेज मोटारकारला त्याच दरपत्रकात ५० टक्के सूट आहे, कारण ती क्वचितच रस्त्यावर येते. तेच कारण घरच्या ट्रकलाही लागू पडतं. आणि जुना ट्रक जपणाऱ्याचे तर दोन्ही दरवाजे बंद आहेत: पन्नास वर्षांवरच्या गाड्यांची व्हिंटेज नोंदणी २०२१ मध्ये आली, पण ती अव्यावसायिक वापराच्या दुचाकी-चारचाकींपुरती.

परमिट नको म्हणून ते न काढताच गाडी चालवणारेही आहेत. त्यांनी सुप्रीम कोर्टाचा २०१८ चा अमृतपाल सिंग प्रकरणातला निकाल वाचावा. अपघाताच्या वेळी परमिट नसणं हा पॉलिसीचा मूलभूत भंग मानला गेला. विमा कंपनीने आधी मृताच्या कुटुंबाला भरपाई द्यायची आणि मग ती गाडीच्या मालकाकडून वसूल करायची, असा तो निकाल आहे. कायदा चुकीचा असला तरी तो बदलेपर्यंत परमिट काढावंच. मात्र नॅशनल परमिट घेण्याचा सल्ला सगळीकडे मिळतो, तो ऐकू नये. राज्याबाहेर जायचं नसेल तर वर्षाचे १६,५०० रुपये फुकट जातात. राज्यापुरतं परमिट पाच वर्षांचं असतं आणि तेवढं पुरतं.

मंडळांसाठी एक इशारा आहे आणि तो मी जोर देऊन सांगतो. विसर्जनाला ट्रकच्या मागे पंचवीस-तीस मुलं उभी असतात. मालवाहू गाडीत फुकट बसलेल्या माणसांची जबाबदारी विमा कंपनीवर येत नाही, हे सुप्रीम कोर्टाने २००२ मध्ये आशा राणी प्रकरणात स्पष्ट केलं आहे. कायद्याने संरक्षण आहे ते मालासोबत असलेल्या मालकाला किंवा त्याच्या अधिकृत प्रतिनिधीला. त्या मुलांपैकी कुणाला काही झालं तर भरपाई गाडीचा मालक म्हणून मंडळाच्या विश्वस्तांच्या गळ्यात पडते. मूर्तीसोबत केबिनमध्ये दोघं-तिघं बसवावीत, बाकी सगळ्यांनी चालत यावं.

गाडी निवडताना ७,५०० हा आकडा डोक्यात ठेवावा. विम्याचा पहिला गट तिथे संपतो, राज्याचा ७ टक्क्यांचा कर तिथपर्यंत आहे, आणि लायसन्सची रेषाही तीच. सुप्रीम कोर्टाच्या पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने ६ नोव्हेंबर २०२४ रोजी सांगितलं की एकूण वजन साडेसात टनांच्या आत असेल तर मोटारकारच्या लायसन्सवर ट्रान्सपोर्ट गाडीही चालवता येते. वजन म्हणजे आरसीवरचं एकूण वजन, रिकाम्या गाडीचं नव्हे. त्यावर गेलात की जड गाडीचं लायसन्स, त्यासाठी आधी किमान एक वर्ष जुनं हलक्या गाडीचं लायसन्स, आणि मग दर पाच वर्षांनी नूतनीकरण. नुसती चेसिस घेऊन बॉडी बांधायची असेल तर बांधणाऱ्याकडे ट्रक बॉडी कोडची मान्यता आहे का ते आधी पाहावं, कारण नोंदणीला लागणाऱ्या नमुना २२-अ मध्ये त्याचा भाग असतो. उघडी बॉडी काढून बंद डबा बसवला, आत स्वयंपाकघर किंवा गॅसची जोडणी केली, तर कलम ५२ खाली परवानगी घेऊन आरसीवर नोंद करून घ्यावी. जुन्या ट्रकवर घर बांधून तो कॅम्पर व्हॅन म्हणून नोंदवण्याचा मार्ग बंद आहे असंच समजावं. कॅम्परला स्वतंत्र मानक आणि मान्यता लागते.

वाहतूकदार संघटनांचा आक्षेप असा असणार की पांढऱ्या पाटीचे ट्रक घेऊन लोक चोरून भाडी मारतील. भीती खरी आहे. तुटपुंज्या नफ्यावर झगडणाऱ्या, एकच ट्रक असलेल्या मालकाचं पोट त्यावर अवलंबून असेल, तर ती हसण्यावारी नेऊ नये. पण आता पकडण्याचं साधन हाताशी आहे. राज्यांतर्गत एक लाखाच्या वरचा व्यापारी माल ई-वे बिलाशिवाय, म्हणजे जीएसटीच्या ऑनलाइन वाहतूक-पावतीशिवाय, हलत नाही, आणि ई-वे बिलात गाडीचा नंबर भरावा लागतो. ती प्रणाली गाडीच्या नोंदणीशी जोडलेली आहे. ‘स्वतःच्या वापराची’ अशी नोंद असलेल्या नंबरावर गाडीच्या मालकाखेरीज दुसऱ्या कुणाचं बिल निघणारच नाही अशी आज्ञा संगणकाला देता येईल. फास्टॅगच्या नोंदींवरून वर्षाला गाडी किती टोलनाके ओलांडते हेही कळतं. एका ठरावीक मर्यादेपलीकडे गेली की तिची नोंदणी आपोआप तपासणीला घ्यावी. दारावर ठळक अक्षरांत ‘भाड्यासाठी नाही’ लिहिणं सक्तीचं करावं. अमेरिकेत अशा गाड्यांवर तसं लिहितातच, आणि स्वतःचं सामान अधूनमधून, मोबदला न घेता नेणाऱ्या व्यक्तीला तिथल्या केंद्रीय मालवाहतूक नियमांतून सूटही आहे.

आणि एक अट मी स्वतः घालीन, ती मुंबईसाठी. अर्जासोबत ट्रक उभा करण्याच्या जागेचा पुरावा हवा. भाडेकरार असो वा संस्थेची स्वतःची जागा, पण जागा रस्त्याबाहेरची. लालबाग-परळच्या गल्ल्यांत दहा महिने एकाच ठिकाणी उभा असलेला ट्रक रुग्णवाहिकेची वाट अडवणार असेल, तर त्याला स्वस्त नोंदणी देण्याचा आग्रह मी धरणार नाही. जागा नसेल त्याने भाड्याचाच ट्रक सांगावा.